लाल विंचू, महाड आणि रक्तदाबाची एक गोळी

१९८६ साली लंडनहून निघणाऱ्या ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात जेमतेम दोन पानांचा एक लेख प्रसिद्ध झाला. विषय होता विंचूदंश. औषध होते प्राझोसिन, म्हणजे उच्च रक्तदाबावर दिली जाणारी एक साधी गोळी. रुग्ण होते कोकणातले. ज्या दंशाने घरातील धडधाकट मूल एका रात्रीत दगावत असे, त्या दंशावर तोंडाने घेण्याची गोळी उपयोगी पडते, असे त्या लेखाचे म्हणणे होते. भारतीय वैद्यकाच्या विसाव्या शतकातील इतिहासात या दोन पानांना मिळायला हवी तेवढी जागा अद्याप मिळालेली नाही.

महाड म्हटले की इतिहासप्रेमींना रायगड आठवतो आणि २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आठवतो. पोलादपूर म्हटले की तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ आणि प्रतापगडाकडे चढणारा आंबेनळी घाट. सावित्रीच्या खोऱ्यातील या दोन तालुक्यांचा आणखी एक इतिहास आहे. तो किल्ल्यांच्या बुरुजांवर सापडत नाही, रुग्णांच्या केसपेपरवर सापडतो.

त्यासाठी आधी त्या प्राण्याची ओळख करून घ्यावी लागेल. लाल विंचू हा दिसायला अगदीच किरकोळ. रंग तांबूस-पिवळट, नांग्या बारीक, शेपटी मात्र जाडसर. कोकणात मोठी काळी इंगळी पाहून माणसे दचकतात; तिच्या नांग्या खेकड्यासारख्या असतात आणि दंशाने वेदनाही होतात, पण माणूस सहसा मरत नाही. मारतो तो हा लहानखुरा लाल. शास्त्रज्ञांनी त्याची दखल बरीच आधी घेतली होती. फाब्रिसियसने १७९८ मध्ये त्याला नाव देताना तमिळ देशाची आठवण ठेवली, म्हणून ‘टॅम्युलस’. पुढे १९०० मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक याने कोकणातील विंचवाला ‘कोंकानेन्सिस’ असे वेगळे नाव दिले. वर्गीकरणाच्या ग्रंथात कोकणाचे नाव अशा रीतीने नोंदले गेले. त्या विंचवाने कोकणात किती माणसे मारली, याची नोंद ठेवण्याची तसदी मात्र त्या काळी फारशी कोणी घेतली नाही.

कारण उघड आहे. विंचू चावतो तो घरात, परड्यात, शेताच्या बांधावर, आणि बहुधा रात्री. गडग्याच्या दगडांत, सरपणाच्या मोळीत, पेंढ्यात, कौलांच्या फटीत, पायताणात तो दडून बसतो. उन्हाळा तापला की आणि भातकापणीच्या दिवसांत दंश वाढतात. चावलेला माणूस डोंगरातल्या वाडीवरचा असेल तर त्याला डोलीत घालून खाली रस्त्यापर्यंत आणायचे, तिथून वाहन मिळाले तर दवाखाना गाठायचा. तोवर गावातला मांत्रिक हाच एकमेव जाणकार.

विंचू उतरवणे ही महाराष्ट्रातील जुनी विद्या. अंगारा, मंत्र, दंशावर चिकटवलेला चिंचोका, उगाळलेली आघाड्याची मुळी. विंचवाच्या चढत्या वेदनेचे रूपक लोकांच्या इतके ओळखीचे होते, की संत एकनाथांनी विंचवावर भारूड रचले आणि ते आजही गावोगावी रंगते. या विद्येची थट्टा करणे सोपे आहे. तिचा तर्क समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे. बहुसंख्य विंचूदंशांत केवळ वेदना होतात आणि त्या काही तासांत आपोआप ओसरतात. मंत्र घातला, वेदना उतरली, म्हणजे विष उतरले. शंभरातल्या बहुतेकांच्या बाबतीत हा हिशेब बरोबर येत असल्यामुळे त्याच्यावर शंका घ्यायला कारणच उरत नव्हते.

लाल विंचवाच्या बाबतीत हाच हिशेब उलटा पडतो. ज्या रुग्णाला दंशाच्या जागी असह्य ठणका आहे, तो बहुधा सुरक्षित असतो. ज्याच्या शरीरभर विषाचा परिणाम सुरू झाला आहे, त्याला दंशाच्या जागी अनेकदा फारशी वेदना जाणवत नाही. तो ओकतो, घामाने चिंब होतो, तोंडाला लाळ सुटते, हातपाय गार पडतात. आईबापांना वाटावे, पोर रडायचे थांबले, विंचू उतरला. प्रत्यक्षात त्या पोराचे हृदय त्या क्षणी प्राणपणाने झुंजत असते. आणि तो बरा होऊ लागला, हातापायांत ऊब परतली, की दंशाच्या जागी पुन्हा ठणका सुरू होतो. वेदना परतणे ही इथे शुभवार्ता ठरते. शतकानुशतके ज्या खुणेवरून विंचू उतरला असे ठरवले जात होते, ती खूणच फसवी होती. आणि हे कळायला रुग्णाजवळ रात्रभर बसून राहणारा, बघणारा आणि लिहून ठेवणारा माणूस लागतो.

तो माणूस या भागात आला १९७६ मध्ये. जिल्ह्याचे नाव तेव्हा रायगड नव्हते; कुलाबा होते, ते १९८१ पासून बदलले. डॉ. हिंमतराव साळुबा बावस्कर हे मूळचे आजच्या जालना जिल्ह्यातील देहेड गावचे, जन्म १९५१ चा. घरची परिस्थिती हलाखीची. ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या आत्मचरित्रात त्यांनी ते दिवस लिहून ठेवले आहेत. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे त्यांच्यासमोर विंचूदंशाचे रुग्ण येऊ लागले आणि त्यांतले काही डोळ्यांदेखत मरू लागले.

त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत विंचूदंशाला फारशी जागा नसे. पुस्तके लिहिणाऱ्यांच्या देशांत हा प्रश्नच मुळी नव्हता. तरीही अगदीच अंधार होता असे म्हणता येणार नाही. १९६१ मध्ये मुंडले यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधून विंचूदंशानंतर फुफ्फुसात पाणी साचून होणाऱ्या मृत्यूंकडे लक्ष वेधले होते. तिकडे इस्रायलमध्ये, नेगेव वाळवंटाच्या कडेला असलेल्या बीरशेबा येथे मोशे गुएरोन आणि त्यांचे सहकारी १९६० च्या दशकापासून पिवळ्या विंचवाच्या दंशाने हृदयावर होणारे परिणाम तपासत होते. दंश झालेल्या रुग्णांच्या लघवीत ॲड्रेनलिन गटातील संप्रेरकांचे अवशेष वाढलेले आढळतात, हे त्यांनी दाखवून दिले. दोन देशांतले दोन वेगळे विंचू, पण माणसाच्या शरीरात माजणारा गोंधळ एकाच जातीचा.

बावस्करांचे वेगळेपण उपकरणांत नव्हते. आरोग्य केंद्रात उपकरणे होती तरी कुठे? रक्तदाब मोजण्याचे यंत्र, स्टेथोस्कोप, घड्याळ आणि वही. दंश किती वाजता झाला, ओकारी कधी सुरू झाली, घाम कधी आला, हातपाय गार कधी पडले, रक्तदाब किती होता आणि तो केव्हा कोसळला, श्वास कधी लागला, अशी तासागणिक नोंद ते ठेवत गेले. १९७७ मध्ये ‘इंडियन हार्ट जर्नल’मध्ये विंचूदंश आणि हृदयविकार यांसंबंधी त्यांचे टिपण आले. पुढे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जो लेख आला, तो लाल विंचवाच्या दंशात हृदयावरील संकटाची पूर्वसूचना देणाऱ्या लक्षणांचा होता. ओकारी, दरदरून घाम, लाळ, पुरुष रुग्णांत लिंगाला येणारा ताठरपणा, गार हातपाय. ही लक्षणे पहिल्या काही तासांत दिसली, की हा रुग्ण घरी पाठवण्याचा नव्हे, हे ओळखायचे.

या लेखात औषध नव्हते. पण कोणाला रात्रभर नजरेखाली ठेवायचे आणि कोणाला धीर देऊन घरी सोडायचे, हे ठरवण्याचे साधन त्याने दिले. साध्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला, प्रयोगशाळेवाचून, निव्वळ डोळ्यांनी आणि हाताच्या स्पर्शाने वापरता येईल असे साधन. वैद्यकाच्या इतिहासात अशा कामाचे कौतुक कमी होते. औषधाचा शोध लागला की टाळ्या, लक्षणांच्या यादीला टाळ्या कोण देणार? महाडच्या बाबतीत ही यादी आधी झाली म्हणूनच पुढचे औषध सुचले.

आता शरीरात काय घडते ते पाहू. लाल विंचवाच्या विषातील प्रथिने मज्जातंतूंच्या सोडियम वाहिन्यांवर जाऊन बसतात. ही दारे क्षणभर उघडून लगेच मिटायची असतात. विष त्यांना मिटू देत नाही. मग मज्जातंतू थांबेनासे होतात, सतत संदेश धाडत राहतात. आधी ओकारी, घाम, लाळ. त्यापाठोपाठ ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन यांचा लोंढा रक्तात उसळतो. या अवस्थेला वैद्यकात स्वायत्त चेतासंस्थेचे वादळ म्हणतात. लोंढ्यामुळे सर्वांगातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात; म्हणून हातपाय गार. रक्तदाब भडकतो. हृदयाला जणू सगळे नळ बंद असलेल्या नळजोडणीत पाणी ढकलावे लागते. काही तासांत डावा कप्पा थकतो, रक्त मागे फुफ्फुसांत तुंबते, त्यातील द्रव फुफ्फुसांच्या पोकळ्यांत झिरपतो. रुग्णाला धाप लागते, तोंडाला गुलाबी फेस येतो. पुष्कळांचा शेवट इथे होत असे.

हे चित्र डोळ्यांसमोर ठेवले की जुने उपचार का फसत होते ते लक्षात येते. घाम आणि लाळ थांबवण्यासाठी ॲट्रोपिन देत. त्याने घाम थांबे, पण आधीच धावणारे हृदय आणखी दौडू लागे. ओकारी आणि घामाने शरीरातील पाणी कमी झाले म्हणून सलाईन लावत; ते मोजून दिले तर ठीक, भरमसाठ दिले तर तुंबलेल्या फुफ्फुसांत भर. स्टेरॉइड, ॲलर्जीवरची इंजेक्शने, गुंगी आणणाऱ्या तीन-तीन औषधांचे मिश्रण, हे सगळे दिले जाई. प्रत्येक औषध एकेका लक्षणामागे धावत होते आणि मूळ गाठ, म्हणजे आवळलेल्या रक्तवाहिन्या, तशीच राहत होती.

ती गाठ सोडवायची तर रक्तवाहिन्या सैल करणारे औषध हवे. सोडियम नायट्रोप्रुसाइड हे तसे एक औषध. ते बावस्करांनी वापरून पाहिले. परंतु ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते, रक्तदाबावर क्षणाक्षणाला लक्ष ठेवावे लागते, थेंब जास्त पडले तर रक्तदाब धाडकन कोसळतो. शहरातल्या अतिदक्षता विभागात हे जमते. तालुक्याच्या ठिकाणी, एका डॉक्टरच्या जिवावर, रात्री दोन वाजता हे रोज जमवणे कठीण.

प्राझोसिन तेव्हा नवेच होते. फायझर कंपनीने ते उच्च रक्तदाबासाठी आणले होते आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापासून ते जगभर वापरात येत होते. ते रक्तवाहिन्यांवरील अल्फा-१ नावाच्या ग्राहकांवर बसते. नॉरॲड्रेनलिनला वाहिनी आवळण्यासाठी जी कळ दाबावी लागते, ती कळच हे औषध झाकून टाकते. त्याचा एक दुर्गुण डॉक्टरांना माहीत होता: पहिल्या गोळीनंतर काही रुग्ण उभे राहताच चक्कर येऊन पडत, म्हणून पहिली गोळी झोपताना घ्यायला सांगत. विंचूदंशाच्या रुग्णाला तसेही आडवेच ठेवायचे असते. ज्या परिणामाला रक्तदाबाच्या रुग्णात दुष्परिणाम म्हणायचे, त्याचीच इथे गरज होती.

अशा रीतीने १९८३-८४ च्या सुमारास महाड परिसरात विंचूदंशावर प्राझोसिनचा वापर सुरू झाला. गोळी तोंडाने द्यायची, काही तासांनी पुन्हा द्यायची, हातपाय ऊबदार होईपर्यंत. नाडी आणि रक्तदाब पाहत राहायचे. खर्च काही रुपयांचा. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाल्यावर बावस्करांना शहरात राहता आले असते. ते महाडला परतले. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचे नाव पुढच्या बहुतेक लेखांवर त्यांच्या जोडीने येते. विज्ञानाच्या लोकप्रिय कथांत असे दुसरे नाव सहज गाळले जाते, म्हणून त्याची इथे मुद्दाम नोंद.

फरक किती पडला? बावस्करांच्या नोंदींनुसार १९६१ ते १९८३ या काळात गंभीर विंचूदंशात फुफ्फुसात पाणी होऊन २५ ते ३० टक्के रुग्ण दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण १ टक्क्याच्या खाली आले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने या आकड्यांपाशी क्षणभर थबकायला हवे. ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची तुलना ही नेहमीच निसरडी जागा. त्याच वीस-पंचवीस वर्षांत रस्ते झाले, एसटी आणि जीपगाड्या वाडीपर्यंत पोहोचू लागल्या, रुग्ण लवकर येऊ लागले, डॉक्टरांना लक्षणे ओळखता येऊ लागली. मृत्यू घटण्यात या साऱ्यांचा काही वाटा असणारच. तरीही घसरण इतकी तीव्र आहे आणि औषधाचे कार्य विषाच्या कार्याशी इतके चपखल जुळते, की श्रेयाचा मोठा भाग गोळीला देणे वाजवी ठरते. शिवाय अनुभव एकट्या महाडचा राहिला नाही. पुदुच्चेरीच्या जिपमरसारख्या संस्थेतील बालरोगतज्ज्ञांनीही प्राझोसिन स्वीकारले आणि आपले अनुभव प्रसिद्ध केले.

वाद मात्र वेगळ्याच मुद्द्यावर होता. सापाच्या विषावर जशी लस देतात, तशी विंचवाच्या विषावर का नको? घोड्याच्या रक्तातून तयार केलेली प्रतिविषलस काही देशांत फार पूर्वीपासून दिली जात होती. गुएरोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिच्या उपयोगाबद्दल शंका होती. बावस्कर पतिपत्नींनीही १९९१ च्या एका लेखाच्या शीर्षकातच प्रश्न विचारला: लसीची खरोखर गरज आहे का? त्यांचा युक्तिवाद समजण्यासारखा होता. लस रक्तात फिरणारे विष निष्प्रभ करील, परंतु संप्रेरकांचा लोंढा एकदा सुटला की तो काही लसीने परत जात नाही. १९९९ मध्ये ट्युनिशियातून ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ८२५ रुग्णांच्या चाचणीनेही, विंचू चावलेल्या प्रत्येकाला सरसकट लस देण्याने लाभ दिसत नाही, असाच निर्वाळा दिला.

मुंबईत आणखी एक धागा विणला जात होता. परळच्या सेठ गो. सु. वैद्यकीय महाविद्यालयात के. राधाकृष्ण मूर्ती विंचूविषाचा चयापचयावरील परिणाम अभ्यासत होते आणि अशा रुग्णांना इन्शुलिन द्यावे, असे मांडत होते. भारतातच एकाच विंचवावर तीन उपाय, तीन बाजू. वाद कडवा झाला तरी त्यातून अभ्यास वाढला.

मग मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या औषधनिर्मिती महामंडळाने खास लाल विंचवाच्या विषाविरुद्धची लस उपलब्ध केली. परदेशी विंचवांवरच्या लसींवरून इथले अंदाज बांधण्याची गरज संपली. २००६ मध्ये व्ही. एस. नातू, मूर्ती आणि देवधर यांनी पश्चिम महाराष्ट्रातील एका ग्रामीण रुग्णालयातला या लसीचा अनुभव मांडला आणि तो उत्साहवर्धक होता.

या टप्प्यावर बावस्करांना गप्प बसता आले असते. प्राझोसिन हे त्यांच्या नावाशी जोडले गेले होते. जगभरच्या पुस्तकांत त्यांचे संदर्भ येत होते. लसीबद्दलची त्यांची शंका छापील होती. त्यांनी केले ते असे, की स्वतःच्या गोळीलाच कसोटीवर उभे केले. महाडमध्ये ७० रुग्णांची चाचणी झाली. सगळ्यांत विषाचे वादळ सुरू झालेले होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने रुग्णांचे दोन गट केले: ३५ जणांना प्राझोसिन आणि लस दोन्ही, ३५ जणांना केवळ प्राझोसिन. लस नाकारलेल्या गटालाही सिद्ध झालेले औषध मिळतच होते, त्यामुळे कोणाचाही जीव प्रयोगासाठी पणाला लावला गेला नाही. हा मुद्दा चाचणीच्या रचनेतला सर्वांत महत्त्वाचा.

निकाल २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. दहा तासांनंतर लस आणि गोळी दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण लक्षणांतून पूर्ण मुक्त झाले होते. केवळ गोळी मिळालेल्या ३५ पैकी ८. सरासरी बरे होण्याचा काळ पहिल्या गटात ८ तास, दुसऱ्यात १७.७ तास. जे रुग्ण दंशानंतर लवकर पोहोचले, त्यांना लसीचा लाभ अधिक झाला.

हे निष्कर्ष जपून वाचले पाहिजेत. कोणाला काय दिले हे डॉक्टरांना आणि रुग्णांना माहीत होते. त्यामुळे पूर्वग्रहाला थोडी वाट राहते. रुग्णसंख्या लहान. आणि प्राझोसिन हरले, असा याचा अर्थ मुळीच होत नाही. ते दोन्ही गटांत होतेच. परंतु १९९१ मध्ये ‘लस हवीच का’ असे विचारणाऱ्या लेखकाने वीस वर्षांनी स्वतःच मोजून सांगितले, की सोबत लस असली तर रुग्ण लवकर बरा होतो. आपल्याकडे संशोधकांची चरित्रे विजयांच्या मालिकेसारखी लिहिली जातात. त्या मालिकेत ही चाचणी नीट बसत नाही, आणि म्हणूनच बावस्करांच्या कामात तिचे मोल १९८६ च्या लेखाहून कमी मानू नये.

विषाचा प्रवास इकडे दुसऱ्याच दिशेनेही चालू होता. १९९० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी याच लाल विंचवाच्या विषातून आयबेरिओटॉक्सिन नावाचे एक छोटे प्रथिन वेगळे केले. पेशींमधील एका विशिष्ट जातीच्या पोटॅशियम वाहिन्या ते नेमक्या बंद करते. स्नायू आणि रक्तवाहिन्या यांचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांत ते आज नेहमीचे साधन आहे. सावित्रीच्या खोऱ्यात मुलांचा जीव घेणारे विष, आणि हजारो मैलांवर पेशीचे दार कसे चालते हे तपासण्याची किल्ली, दोन्ही एकाच नांगीतले. प्राण्याचे नावही या दरम्यान बदलले. जुन्या पुस्तकांतला ब्युथस पुढे मेसोब्युथस झाला आणि आता वर्गीकरणात तो हॉटेनटोटा म्हणून ओळखला जातो. जुने शोधनिबंध धुंडाळणाऱ्यांनी ही तिन्ही नावे शोधावीत, नाहीतर अर्धा इतिहास हाती लागणार नाही.

बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. बातम्यांत ‘विंचूदंशावर औषध शोधणारे डॉक्टर’ असे वर्णन आले. ते अर्धेच खरे आहे. औषध एका मोठ्या कंपनीने दुसऱ्याच कारणासाठी शोधले होते आणि ते औषधाच्या दुकानात मिळत होते. बिरवाडी-महाडमध्ये शोधली गेली ती रोगाची रीत: तो कुठून सुरू होतो, कोणत्या क्रमाने चढतो, कोणत्या खुणेवर फसवतो आणि कोणत्या जागी अडवता येतो. ती रीत हाती आल्यावर दुकानातली गोळी पुरली.

आजही उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि भातकापणीच्या दिवसांत महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर लाल विंचू निघतोच. गोळी तालुक्याच्या गावी सहज मिळते. लसीची कुपी महाग असते आणि ती साठवावी लागते. लस हाताशी असेल तर दोन्ही देतात. नसेल तर लसीची वाट न पाहता प्राझोसिन सुरू करतात, रुग्णाला आडवे ठेवतात, दर काही वेळाने त्याच्या पावलांना हात लावून पाहतात, आणि दंशाच्या जागी पुन्हा ठणकू लागले आहे का, असे त्याला विचारतात.